४५ हजारांत छोटा कॅमेरा: आधी स्टेजपासूनचं अंतर मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बजेट ४५ हजार. लेन्स बदलायचा मोठा कॅमेरा नको, पर्समध्ये मावेल असा हवा. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग, घरचे समारंभ, वर्षातून दोन-तीन सहली, अधूनमधून एखादा किल्ला, आणि आईच्या पाककृतींचे यूट्यूबसाठी व्हिडिओ. फोन मध्यम किमतीचा आहे. त्यात गॅदरिंगचे फोटो हललेले येतात आणि झूम केलं की चेहरे पुसट होतात. दुकानदाराने ४० पट झूमचा, २० मेगापिक्सेलचा कॅमेरा सुचवलाय. तो घ्यावा का? आणि ४ के, म्हणजे जास्त बारकावे दाखवणारा व्हिडिओ, लागेल का?

तो घेऊ नका. कॅमेरा वाईट आहे म्हणून नाही, तुमचं नेमकं दुखणं त्याने बरं होणार नाही म्हणून. सहलीचे, घरातले, दिवसाउजेडी काढलेले फोटो तुमचा फोन आताही चांगले काढतोय. तो हरतो एकाच ठिकाणी: कमी उजेडात, लांबवर, हलणारं मूल. त्यामुळे कॅमेऱ्याची निवड सगळ्यांत अवघड फोटोवरून करायची. बाकीचे फोटो तो कॅमेरा आपोआप काढेल.

आधी अंतराचं बघू, कारण त्यावर उत्तर बरंच बदलतं. लेन्स लांबचं किती जवळ आणतो ते सांगणारा आकडा ‘३५ मिमी समतुल्य’ असा दिलेला असतो; तो मोठा तितकं चित्र जवळ. ३६ ला त्या आकड्याने भागा आणि स्टेजपासूनच्या अंतराने गुणा. चौकटीत किती मीटर रुंदी मावेल ते कळतं. उंचीसाठी ३६ ऐवजी २४ घ्या. तुम्ही १० मीटरवर बसला आहात असं धरू. २० मिमीच्या लेन्सला १८ मीटर रुंद आणि १२ मीटर उंच जागा दिसते. त्यात सव्वा मीटर उंचीची मुलगी चौकटीच्या एक दशांश उरते. ७० मिमीला चौकट साधारण ५ बाय ३.४ मीटर होते, म्हणजे मुलगी एक तृतीयांशाहून थोडी जास्त उंची व्यापते. १०० मिमीला ती अर्ध्या चौकटीत येते आणि २०० मिमीला चौकट भरून जाते. पालकांना पुढच्या दोन-तीन रांगांत जागा मिळत असेल तर ७० ते १०० मिमीमध्ये काम भागतं. शाळा मोठ्या सभागृहात कार्यक्रम घेत असेल आणि तुम्ही २५ मीटर मागे बसत असाल, तर खिशात मावणारा कोणताही कॅमेरा या पैशांत तुम्हाला समाधान देणार नाही. तेव्हा शाळेला विचारून स्टेजच्या बाजूला, कोपऱ्यात उभं राहण्याची परवानगी मिळवणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय आहे. खरेदीआधी हे अंतर पावलांनी मोजून या.

आता उजेड. फोटोत किती प्रकाश गोळा होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: शटर किती वेळ उघडं राहतं, लेन्सचं तोंड किती मोठं आहे, आणि सेन्सरचं, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचं, क्षेत्रफळ किती आहे. नाचणाऱ्या मुलीचे हात-पाय स्थिर हवे असतील तर शटर १/२५० सेकंदाच्या आसपास लागतं. नाटकात बोलत उभी असेल तर १/१२५ पुरतं. इथे तडजोड नाही, कारण हललेला फोटो नंतर कशानेही सुधारत नाही. फोन अशा उजेडात स्वतःहून शटर बरंच हळू करतो, वर अनेक फोटो एकावर एक जोडून अंधारातल्या फोटोत येणारे रंगीत दाणे कमी करतो. स्थिर माणसावर ही युक्ती छान चालते. नाचणाऱ्या मुलीवर ती फसते, म्हणून तुमचे फोटो हलतात.

शटर ठरलं, आता उरले दोन. ४० पट झूमच्या छोट्या कॅमेऱ्यात बहुधा १/२.३ इंच नावाचा सेन्सर असतो. प्रत्यक्ष माप साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, म्हणजे २८ चौरस मिमी. मध्यम किमतीच्या आजच्या बऱ्याच फोनचा मुख्य सेन्सरसुद्धा यापेक्षा मोठा असतो. ‘एक इंची’ म्हटला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमीचा, म्हणजे ११६ चौरस मिमी, चौपट मोठा. लेन्सचं तोंड एफ आकड्यात सांगतात. आकडा लहान तितकं तोंड मोठं, आणि प्रकाश आकड्याच्या वर्गाने बदलतो. कॅनन एसएक्स ७४० सारख्या ४० पट झूमचं तोंड रुंद टोकाला एफ ३.३ आणि लांब टोकाला एफ ६.९ आहे. एफ २.८ च्या तुलनेत एफ ६.९ ला सहापट कमी प्रकाश मिळतो. सेन्सर चारपट लहान, तोंड सहापट बारीक, म्हणजे एकूण फरक चोवीसपटीच्या आसपास जातो. २० मेगापिक्सेल दोघांतही आहेत, पण २८ चौरस मिमीवर २० मेगापिक्सेल कोंबले की एकेका पिक्सेलच्या वाट्याला फार थोडा उजेड येतो. मेगापिक्सेलकडे यापलीकडे लक्ष देण्याची गरज नाही.

यावर एक रास्त शंका येते: एक इंची कॅमेऱ्याचं झूम ७० किंवा १०० मिमीला संपतं, मग लांबचा चेहरा कसा मिळेल? उत्तर आहे, फोटो कापून. ७० मिमीला काढलेला २० मेगापिक्सेलचा फोटो २०० मिमीइतका जवळचा वाटेल असा कापला तर साधारण १९०० बाय १२७० पिक्सेल उरतात. चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला १८०० बाय १२०० लागतात, म्हणजे अल्बमसाठी आणि व्हॉट्सॲपसाठी ते पुरेसे आहेत. एवढं कापूनही, एफ २.८ ला काढलेल्या त्या तुकड्यावर पडलेला एकूण प्रकाश, छोट्या सेन्सरच्या झूमने २०० मिमीला एफ ५ च्या पुढे गोळा केलेल्या प्रकाशापेक्षा दीडपट किंवा जास्तच भरतो. म्हणून ७० मिमीला थांबणारा चांगला लेन्स गॅदरिंगमध्ये ९६० मिमीपर्यंत जाणाऱ्या त्या ४० पट झूमपेक्षा जास्त कामाचा. पक्षी आणि चंद्र टिपायचे असते तर मी उलट सल्ला दिला असता.

आता बाजारात काय मिळतं ते पाहू. नव्या कॅमेऱ्यांत ४०-५० हजारांच्या टप्प्यात एक इंची सेन्सरचे दोन पर्याय समोर येतात: सोनी झेडव्ही-१एफ आणि कॅनन पॉवरशॉट व्ही १०. पहिला २०२२ चा, दुसरा २०२३ चा. दोघांनाही झूम नाही. सोनीचा लेन्स २० मिमी एफ २ आणि कॅननचा १९ मिमी एफ २.८, दोन्ही हातात धरून स्वतःकडे वळवून बोलण्यासाठी बनवलेले. वरचं गणित लावलं तर गॅदरिंगमध्ये मुलगी ठिपक्यासारखी दिसेल. शिवाय झेडव्ही-१एफ रॉ फोटो, म्हणजे नंतर जास्त सुधारता येणारी कच्ची फाइल, साठवत नाही, आणि व्ही १० ची बॅटरी आतच बसवलेली आहे, बदलता येत नाही. कार्डही मायक्रोएसडी लागतं. व्हिडिओ हेच मुख्य काम असतं तर झेडव्ही-१एफ मी आनंदाने सुचवला असता. तुमच्यासाठी तो चुकीचा आहे.

झूम आणि मोठं तोंड दोन्ही असलेले नवे कॅमेरे, म्हणजे सोनी झेडव्ही-१ किंवा कॅनन जी ७ एक्स मार्क ३, तुमच्या बजेटच्या बरेच वर आहेत. म्हणून माझा सल्ला वापरलेल्या कॅमेऱ्याचा. यादी छोटी ठेवा. सोनी आरएक्स १०० मार्क ३, २०१४ चा: २४ ते ७० मिमी, एफ १.८ ते २.८, डोळा लावून बघायची, वर उघडणारी छोटी दुर्बीण (व्ह्यूफाइंडर), समोर वळणारा पडदा, वजन २९० ग्रॅम. त्याचाच मार्क ५, २०१६ चा, किंवा ५ए: लेन्स तोच, पण हलत्या माणसावर फोकस धरण्यात खूपच तरबेज. कॅनन जी ७ एक्स मार्क २, २०१६ चा: २४ ते १०० मिमी, एफ १.८ ते २.८, गॅदरिंगसाठी लेन्स सगळ्यांत सोयीचा, त्वचेचे रंग सुंदर. मात्र जी ७ एक्स मालिकेला सोशल मीडियावर एवढी मागणी आली की वापरलेल्या प्रतींचे भावही चढले आहेत. योग्य भावात मिळाला तर घ्या, त्याच्यासाठी अडून बसू नका. सोनीचा मार्क ५ बजेटमध्ये बसला तर तो घ्या, नाहीतर सोनीचाच मार्क ३. अगदी पहिला आरएक्स १०० आणि त्याचा मार्क २ स्वस्त मिळतात, पण त्यांचं तोंड लांब टोकाला एफ ४.९ होतं, म्हणजे एफ २.८ च्या एक तृतीयांश प्रकाश. तिथे पैसे वाचवू नका.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहा. पहिली, ऑनलाइन पाच-सात हजारांत मिळणारे अनोळखी नावांचे ‘४ के, ४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम’ कॅमेरे. त्यांचा सेन्सर अगदी लहान असतो, पिक्सेल फुगवून दाखवलेले असतात आणि झूम फक्त डिजिटल असतं, म्हणजे फोटो कापून मोठा करणं. ओळखायचं कसं? खऱ्या झूम लेन्सच्या कड्यावर आकड्यांची जोडी छापलेली असते. जी ७ एक्स मार्क २ वर ८.८–३६.८ मिमी आणि १:१.८–२.८ असं लिहिलेलं दिसेल. पहिली जोडी म्हणजे खरं झूम, दुसरी म्हणजे तोंड. जिथे ही जोडी नाही, एकच आकडा आहे आणि जाहिरातीत मात्र झूम आहे, तिथे ते झूम खोटं. दुसरी, २००५ ते २०१० च्या दरम्यानचे, सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचे कॅमेरे. त्यांचे दिवसाचे रंग लोकांना आवडतात आणि ते आवडणं चुकीचं नाही, पण कमी उजेडात ते आजच्या फोनच्या जवळपासही येत नाहीत, आणि त्यातल्या काही जुन्या मॉडेलना २ जीबीपेक्षा मोठं कार्ड चालत नाही. कोडॅक पिक्सप्रो एफझेड ५५ सारखे नवे स्वस्त कॅमेरे याच गटातले समजा, एफ ३.९ ते ६.३ चं तोंड आणि लहान सेन्सर, भर दिवसाच्या सहलीपुरते ठीक.

वापरलेला कॅमेरा बघताना काय तपासायचं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात. पंधरा मिनिटं लागतात आणि स्वतःचं रिकामं कार्ड न्यावं लागतं.

आधी कॅमेरा चालू-बंद करा, दहा वेळा. लेन्स बाहेर येताना आवाज एकसारखा हवा; करकर झाली, मध्ये अडखळला किंवा एका बाजूला कलला तर आत वाळू आहे किंवा तो कधीतरी पडलाय. ‘लेन्स एरर’ किंवा ‘पॉवर बंद करून पुन्हा चालू करा’ असा संदेश एकदाही आला तर व्यवहार तिथेच थांबवा. आत-बाहेर होणाऱ्या लेन्सची दुरुस्ती बहुतेक वेळा अख्खं लेन्सचं युनिट बदलूनच होते आणि त्याचा खर्च जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीजवळ जातो. मग पूर्ण झूम करून बटण अर्धं दाबून धरा. पडद्यावरचं चित्र थरथरलं किंवा उडी मारली तर स्थिरीकरणाची यंत्रणा गेलेली आहे.

त्यानंतर तोंड एफ ११ वर नेऊन मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. करडे गोल डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्स बदलायच्या कॅमेऱ्यात ती पाच मिनिटांत निघते, इथे मात्र कॅमेरा उघडावा लागतो. एखादा फिकट डाग चालेल, पण भाव त्याप्रमाणे कमी करून घ्या. मग एफ २.८ ला भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा सरळ फोटो काढून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. चारही थोडी मऊ असतील तर ते साहजिक आहे. एकच कोपरा पुसट आणि बाकीचे स्वच्छ असतील तर भिंग सरकलंय.

बुरशीची तपासणी आपल्याकडे सगळ्यांत महत्त्वाची. कोकणात, मुंबईत, गोव्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास सापडते. झूम पूर्ण बाहेर काढा, फोनचा टॉर्च लेन्सवर तिरका धरा आणि आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू किंवा कडेने धुरकट नक्षी दिसली तर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. ती पसरते, काचेवरचा लेप खाते, आणि उजेडासमोरचे फोटो दुधाळ करते.

उरलेल्या तपासण्या पटपट होतात. सोनीची दुर्बीण आणि फ्लॅश वर उघडून पुन्हा नीट बसतात का. पडदा सगळ्या कोनांत वळवला तरी चित्र जात नाही ना. बिजागरीतली पट्टी तुटत आली असेल तर एका ठरावीक कोनात पडदा काळा होतो. यूएसबीने चार्ज होतोय का. बॅटरी फुगून खाचेत अडकत नाही ना. दहा मिनिटं सलग व्हिडिओ काढा आणि तो संगणकावर लावून बघा. भाषा बदलून बघा: जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनवलेल्या सोनी कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीतच असतो आणि तो बदलता येत नाही. असे कॅमेरे आपल्याकडे बरेच येतात आणि स्वस्त म्हणून विकले जातात. बिल आणि बुडाखालचा क्रमांक जुळतो का पाहा. बिलाशिवायच्या कॅमेऱ्याचे पैसे कमी द्या किंवा देऊच नका. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजार परिसरात जुन्या-नव्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे प्रत हाताळून घेता येते. पुण्या-नागपुरात किंवा छोट्या गावात ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची मुदत लिखित मागा आणि वरच्या सगळ्या तपासण्या त्या मुदतीत करा.

आता आईचे व्हिडिओ. इथे तुम्हाला कदाचित न आवडणारं उत्तर देतो: ते फोननेच काढा. स्वयंपाकघरात आपण उजेड आणि अंतर दोन्ही ठरवू शकतो, म्हणजे फोनच्या दोन्ही कमजोऱ्या तिथे उरत नाहीत. कढईच्या वरून घ्यायच्या शॉटला हलका फोन आडव्या दांडीच्या स्टँडवर सहज बसतो, कॅमेऱ्याच्या वजनाने तीच दांडी झुकते. आरएक्स १०० मार्क ३ मध्ये आणि जी ७ एक्स मार्क २ मध्ये बाहेरचा माइक लावायला जागा नाही, आणि पाककृतीच्या व्हिडिओत लोक चित्र थोडं कमी असलं तरी बघतात, आवाज ऐकू आला नाही तर निघून जातात. माइक आणि तोंड यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. दोन मीटरवरच्या फोनला आईच्या आवाजाइतकाच एक्झॉस्ट पंखा आणि फोडणीचा आवाज ऐकू येतो. कॉलर माइक हनुवटीपासून एक वीत खाली, पदराखाली न झाकता लावा. सिंथेटिक साडीची सळसळ त्यात फार येते. कॅमेऱ्यानेच काढायचं ठरलं तर आवाज फोनवर कॉलर माइकने वेगळा घ्या, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा आणि नंतर दोन्ही फितींतली टाळी जुळवा.

चित्राची एक अडचण इथे नेहमी येते आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात: व्हिडिओत वर-खाली सरकणारे काळे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमवर आणि शटर १/६० वर असेल तर दोन ताल जुळत नाहीत. मेनूत पाल, म्हणजे ५० हर्ट्झची व्हिडिओ पद्धत, निवडा, २५ किंवा ५० फ्रेम ठेवा आणि शटर १/५० किंवा १/१००. कॅमेरा फक्त एनटीएससीचा, म्हणजे ६० हर्ट्झच्या पद्धतीचा, असला तरी ३० फ्रेमवर शटर हाताने १/५० किंवा १/१०० केलं की पट्टे जातात. फोनच्या साध्या ॲपमध्ये ही सोय नसेल तर शटर हाताने ठरवता येणारं ॲप वापरा. व्हाइट बॅलन्सही, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर सोडू नका, नाहीतर हळद घातल्या क्षणी अख्खा ओटा निळसर होतो. खिडकीचा उजेड किंवा दिवे, दोन्हींतलं एकच ठेवून ते ठरवून टाका. वाफ सुटली की ऑटोफोकस मागे-पुढे धावतो, म्हणून वरच्या शॉटला फोकस एकदा कढईच्या काठावर धरून बंद करा.

४ के बद्दल विचारलं होतंत. सोनीच्या मार्क ३ मध्ये ते नाही, मार्क ५ मध्ये एका वेळी पाचच मिनिटं चालतं, आणि एप्रिल-मेच्या स्वयंपाकघरात कॅमेरा तापून त्याआधीही बंद पडू शकतो. फोनवर आणि टीव्हीवर बघितल्या जाणाऱ्या घरगुती व्हिडिओला १०८० पुरेसं आहे. मार्क ३ चा ५० मेगाबिटचा व्हिडिओ मिनिटाला सुमारे ३७५ एमबी घेतो, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात अडीच तासांहून जास्त. कार्ड ६४ जीबी, व्ही ३० या वेगाच्या खुणेचं, ओळखीच्या दुकानातून घ्या. खोटी कार्डं भरपूर आहेत. संगणकावर एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने एकदा पूर्ण भरून तपासा, कारण खोट्या कार्डाचा दोष ते अर्धं भरल्यावर, म्हणजे नेमका गॅदरिंगच्या मध्यावर दिसतो.

पैशांची वाटणी अशी करा: कॅमेऱ्याला ३८ ते ३९ हजारांपर्यंत, उरलेल्यांत एक जादा बॅटरी, कार्ड, मनगटाचा पट्टा, साधा कॉलर माइक आणि फोनचा स्टँड. आरएक्स मालिकेला एनपी-बीएक्स १ आणि जी ७ एक्सला एनबी-१३एल बॅटरी लागते. जुन्या कॅमेऱ्यासोबत आलेली बॅटरी थकलेली आहे असंच धरून चाला.

गॅदरिंगच्या दिवशी कॅमेरा ऑटोवर ठेवलात तर इतका खटाटोप वाया जाईल. शटर आपण ठरवायचं असा एस मोड, कॅननमध्ये त्याचं नाव ‘टीव्ही’ (Tv), घ्या आणि नाचासाठी १/२५० ठरवा. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळवणारा आकडा, ऑटो, वरची मर्यादा ३२०० किंवा फारच अंधार असेल तर ६४००. दाणे दिसले तरी चालतील, हललेला हात चालणार नाही. फ्लॅश बंद; त्याचा उजेड स्टेजपर्यंत नीट पोचत नाही, फक्त पुढच्या रांगेतली डोकी उजळतात आणि मागे बसलेल्यांना त्रास होतो. मागचा पडदा काळा असतो म्हणून कॅमेरा फसून चेहरे पांढरेफटक करतो; एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजळपणा, उणे ०.७ ते उणे १ ठेवा. फोकसची चौकट मधली एकच निवडा. मार्क ३ चा फोकस हलत्या मुलावर मागे पडतो, त्यावर उपाय असा: मुलगी ज्या जागी येऊन थांबणार ती जागा आदल्या तालमीत बघून ठेवा, तिथे उभ्या असलेल्या कोणावर तरी बटण अर्धं दाबून फोकस धरा, आणि ती तिथे आली की सलग फोटोंची फैर घ्या. नाचात हात वर गेल्यावर किंवा गिरकी संपल्यावर शरीर क्षणभर थांबतं. फैर त्या क्षणाच्या किंचित आधी सुरू करा.

किल्ल्यांबद्दल थोडक्यात. यातला एकही कॅमेरा पाण्या-धुळीपासून बंदिस्त नाही. पावसाळी ट्रेकमध्ये पाऊस पडत असताना फोनच काढा, कॅमेरा झिपलॉक पिशवीत राहू द्या. समुद्रकिनारी वाळूच्या हाताने लेन्स बाहेर काढू नका, एक कण नळीत गेला तरी मघाशी सांगितलेली करकर सुरू होते. एसी गाडीतून दमट हवेत उतरलात की कॅमेरा वीस मिनिटं पिशवीतच ठेवा, नाहीतर भिंगावर आतून बाष्प धरतं. घरी तो चामड्याच्या किंवा कापडी पाऊचमध्ये ठेवू नका, ओल तिथेच साठते. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की ते कोरडे करा किंवा नवे घाला. जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढून, झूम आत-बाहेर करून, खिडकीशी उजेडात थोडा वेळ ठेवा, पण थेट उन्हात नको.

तुमच्या शाळेतलं अंतर १५ मीटरच्या वर निघालं आणि बाजूला उभं राहायची परवानगीही मिळाली नाही, तर मला तसं कळवा. मग खिशात मावण्याची अट सोडून एखादा जुना, थोडा मोठा कॅमेरा आणि लांबचा लेन्स असा विचार करावा लागेल, आणि त्याचं गणित वेगळं आहे.